पाच लिटर तेलाचा कौल

देवबागात लवू कुबलाच्या दोन बोटांना मान होता. स्वतः लवूला तेवढा नव्हता, पण बोटांना होता.

कुणाच्या होडीचं इंजिन तापू लागलं की तो माणूस इंजिनातलं तेल औषधाच्या बाटलीत घेऊन लवूच्या पडवीत येऊन बसायचा. लवू त्यातला एक थेंब अंगठ्यावर घ्यायचा, वर पहिलं बोट दाबायचा आणि दोन्ही बोटं सावकाश लांब करायचा. मध्ये तार सुटायची. तार भाताच्या दाण्याएवढी लांबली तर तेल अजून महिनाभर चालणार. त्याआधी तुटली तर तेल मेलं. मग लवू वास घ्यायचा, डोळे मिटायचा आणि मिटल्या डोळ्यांनी समुद्राकडे बघत निकाल द्यायचा. निकालावर अपील नव्हतं.

त्याच्या खोपीत दोनशे लिटरचं पिंप असायचं. होडीचं तेल त्यातलं, कुडाळ स्टेशनवर माणसं भरायच्या जीपचं त्यातलं, शेजारच्या भाताच्या गिरणीचंही त्यातलंच. एकाच टोपातली आमटी सगळ्या पंगतींना वाढावी तसं. तिन्ही इंजिनं त्या तेलावर धूर सोडत सुखाने जगली. त्या काळी धुरावरून सगळं कळायचं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त होतंय, निळा म्हणजे इंजिन तेल पितंय आणि पांढरा म्हणजे आत्ताच उठलंय, जरा दम धरा. जीपमध्ये तेरा माणसं बसायची, पुढच्या सीटवर लवूची बायको नर्मदा मांडीवर सुरमईची पाटी घेऊन, आणि लवू एक पाय गाडीत, एक बाहेर ठेवून चालवायचा. पोलिसाने हटकलं तर नर्मदा पाटीवरचं फडकं थोडं बाजूला करायची. गाडी पुढे जायची.

आता होडी विकून बारा वर्षं झाली. जीप भंगारात गेली. देवबागची पोरं पर्यटकांना डॉल्फिन दाखवतात, त्यांच्या होड्यांना पेट्रोलची इंजिनं. बिघडली तर मोबाइलवर व्हिडिओ बघतात. नर्मदा जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून लवूच्या पडवीत बाटली घेऊन कुणी आलं नव्हतं, आणि लवूही पिंपाकडे फिरकला नव्हता.

अशात एका शनिवारी त्याची मुलगी संजना दोडामार्गहून आली. संजना गोव्याला औषधांच्या कारखान्यात तपासनीस होती. पाकिटावरचं एक अक्षर चुकलं तर अख्खा माल परत पाठवणारी बाई. रोज पहाटे साडेपाचला ती दोडामार्गहून निघायची, आपल्या डिझेलच्या गाडीने. वाटेत रबराच्या बागा, केळीच्या बागा, आणि केळी खायला उतरणारे हत्ती.

"आबा," चहा घेताना ती म्हणाली, "गाडयेचा तेल बदलूचा आसा. वॉरंटी संपली, आता कंपनीत न्हेवची सक्ती नाय. तुमीच बदला."

खाटेवर आडवा झालेला लवू उठून बसला. दोन वर्षांत इतक्या चटकन तो कशालाच उठला नव्हता.

"किती लिटर?"

"पाच. पण खंयचा घालूचा ता पुस्तकात लिवलेला आसा. ह्या गाडयेच्या सायलेन्सरात जाळी आसा, काजळी थय अडकता. ती गाडी आपली आपण जाळता. पण साध्या तेलाची राख रवता, ती जळना नाय. जाळी भरली की गाडी ओढणाच नाय."

"धूर अडकवतत?" लवूला ते ऐकवेना. "अगो, शिंक अडकवल्यासारख्याच ता!"

"पुस्तक दाखवू?"

"माका पुस्तक नको. पन्नास वर्सा मी इंजिना उघडतंय, पुस्तक एकदाय उघडूक नाय."

संजना गप्प बसली. ती अशी सहज गप्प बसणारी नव्हे, हे त्याच्या लक्षात यायला हवं होतं; पण त्याचं लक्ष गाडीकडे होतं.

बॉनेट उघडलं तर आत इंजिनच दिसेना. वर काळ्या प्लास्टिकचं झाकण, लग्नातल्या रुखवतासारखं. लवूने तेल बघायची पट्टी शोधून बाहेर ओढली, थेंब अंगठ्यावर घेतला, बोट दाबलं, लांब केलं. तार सुटलीच नाही. पुन्हा केलं. पुन्हा नाही.

"ह्या तेल न्हय, गो. ही पेजेची निवळ आसा. फसवला तुका कंपनीन." आणि तो खोपीकडे पिंप बघायला गेला.

पिंपाच्या तळाशी सात-आठ लिटर होतं. दाट, मधासारखं. तार सुटली ती दोन दाणे लांब. लवूने वास घेतला, आणि त्या वासाबरोबर नर्मदेच्या लुगड्याचा, ओल्या जाळ्यांचा, स्टेशनवरच्या भज्यांचाही वास आला. बरणी भरून घ्यावी म्हणून तो वाकला. पण ती राख डोक्यातून जाईना. पहाटेचा अंधार, गाडी ओढत नाही, संजना खाली उतरली आहे आणि पलीकडे केळीच्या बागेत काहीतरी मोठं हलतंय, असं त्याला दिसलं. बरणी खाली ठेवून तो मालवणला शिवाच्या दुकानात गेला.

शिवा त्याच्याच वयाचा. बाजारात त्याचं इंजिनांच्या सामानाचं दुकान होतं आणि देवबागच्या देवळात तो गुरव होता. दुकानातल्या शिवाला जे ठाऊक नसे ते देवळातल्या शिवाला देव सांगत असे, आणि या व्यवस्थेत गावाला कधी खोट दिसली नव्हती.

"ह्यो घे डबो," शिवा म्हणाला. "फाइव्ह डब्ल्यू थर्टी. आजकाल नव्ये गाडयेक सगळे ह्योच मागतत."

"राख करता ह्या?"

"माका काय इचारतस? मी जाळून बघलंय?"

"मगे पिंपातला बरा काय ह्या बरा?"

शिवाने चष्मा काढून पुसला. "लवू, तुझ्या बोटांक कळणा नाय म्हणजे गोष्ट आपल्या हातातली न्हय. फाल्या सकाळी सातांक देवळात ये. कौल लावया. डबो घेवन ये."

दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात माणसं इंजिन ऑइलसाठी काय करतात ठाऊक नाही. बहुधा दुकानदाराचं ऐकतात. इकडे देवाला विचारण्यात काही गैर नव्हतं. लग्न, विहीर, कोर्टातला दावा, सगळं त्याच्यापुढे गेलेलं. पाषाणाच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं.

रविवारी सकाळी सात वाजता लवूने देवासमोर उजवीकडे पिंपातल्या तेलाची बरणी ठेवली आणि डावीकडे शिवाचा डबा. संजना खांबाला टेकून उभी होती. चारपाच माणसं आपापली कामं घेऊन आली होती. त्यांत मासेवाली काशीबाई सगळ्यात घाईत होती.

शिवाने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! ह्यो लवू कुबल तुझ्या पायाकडे इलेलो आसा. चेडवाच्या गाडयेत पिंपातला तेल घालूचा तर उजवी दी, डब्यातला घालूचा तर डावी दी. तिचो पहाटेचो परवास सुखाचो कर, हत्तीक त्याच्या वाटेन धाड, रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले. हत्तीचा विषय निघाल्यामुळे जरा जोरातच म्हणाले.

कळ्या हलल्या नाहीत. दुसरं गाऱ्हाणं झालं. तिसरं झालं. समईची वात हलत होती, कळ्या मात्र ढिम्म.

शिवाने मान वळवली. "देव अडलो. लवू, कायतरी दडवून ठेवलंस तू. ता सांगल्याशिवाय देव बोलाचो नाय."

"माझ्याकडे काय दडवूचा आसा?"

"सांग रे बाबा, काय ता," काशीबाई म्हणाली. "माका पाटी घेवन बाजारात जावचा आसा."

लवूने देवाकडे बघितलं, मग बरणीकडे. संजनाकडे बघायचं मात्र टाळलं.

"एक्याण्णव साल," तो म्हणाला. "कुडाळचो बाजार होतो. धामापुरच्या चढावार आमची जीप जाम झाली. मी सगळ्यांक सांगलंय, तेलाचो पंप तुटलो. पंप तुटूक नव्हतो. पिंप रिकामा झाला होता म्हणान मी होडीतला काढलेला जुना तेल फडक्यातून गाळून जीपीत घातलेलंय. बोटांक बरा लागला. तार सुटली. आणि इंजिन गेला. नर्मदा उन्हातसून पाटी डोक्यार घेवन धामापुरात घराघरांनी फिरली." त्याने डब्याकडे बोट केलं. "आणि ह्या नव्या तेलाचा माका कळणा नाय. तार नाय, वास नाय. बोटां कायच सांगनत नाय. काल रागान पिंपातला ओतूक गेललंय."

पहिली ओरडली ती काशीबाई.

"पंप तुटूक नव्हतो? मेल्या, त्या जीपीत मी पण होतंय! माझी बांगड्यांची अख्खी पाटी कुसली! चौतीस वर्सा मी त्या पंपाक शाप देतंय!"

"पडली!" शिवा ओरडला. "पडली, पडली! उजवी!"

उजवी कळी खरंच खाली पडली होती. पिंपाची बाजू. माणसांनी हात जोडले, शिवाने तीर्थ पुढे केलं. लवूला हवं तेच देवाने दिलं होतं. तो क्षणभर त्या कळीकडे बघत राहिला आणि मग त्याने बरणी उचलून झाकण घट्ट लावलं.

"ही कळी तेलाची न्हय," तो म्हणाला. "ही धामापुराची. देवान माका माफ केल्यान. त्याका मराठी वाचूक वेळ नाय, गाडयेचा इंग्रजी पुस्तक खंयसून वाचतलो?" मग पहिल्यांदाच त्याने मागे वळून विचारलं, "काय लिवलेला आसा गो त्या पुस्तकात?"

संजनाने मोबाइल काढला. त्या पानाचा फोटो तिच्याकडे शनिवारपासून होता.

"फाइव्ह डब्ल्यू थर्टी. आणि त्याच्या फुडे सी थ्री व्हया. सी थ्री म्हणजे राख कमी."

शिवाने देवासमोरचा आपला डबा उचलला, चष्मा वर करून चारही बाजूंनी वाचला. आकडे होते, सी थ्री नव्हतं. "म्हणान डावी पडली नाय," तो गंभीरपणे म्हणाला, आणि डबा पिशवीत टाकला.

सी थ्री कुडाळला मिळालं. परतताना पाच लिटरचा डबा मांडीवर धरून लवू पुढच्या सीटवर बसला होता. डब्यावरचं सी थ्री तो बोटाने चाचपत होता.

"तुझ्या आवशीक मी कदी सांगूक नाय," शेवटी तो म्हणाला.

"आयेक म्हायत होता, आबा. तुमी तेल गाळलात ता तिच्याच लुगड्याचा फडक्या होता. तिका वास इल्याशिवाय रवतलो?"

"मगे बोलली कित्याक नाय?"

"म्हणायची, सगळो गाव त्यांका इचारूक येता, येवंदे."

लवूने डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला. थोड्या वेळाने म्हणाला, "आणि मी आज पिंपातला ओतलंय असतंय तर? तू गप उभी रवली होतंस!"

"ओतूक दिलंय असतंय. आणि उद्या वाटेत कुडाळाक थांबान सगळा काढून परत घातलंय असतंय."

"असा करतत?"

"आये आसताना तुमी स्कुटरीत पिंपातला घातलेलात, तेचा तसाच केलेला."

लवूने तिच्याकडे बघितलं. रागवावं की काय याचा त्याने धामापूर मागे पडेपर्यंत विचार केला. मग त्याचे खांदे हलू लागले. तो हसतोय हे संजनाच्या उशिरा लक्षात आलं, कारण ते हसणं तिने दोन वर्षांत ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर तो सतरंजी टाकून गाडीखाली शिरला. तिथे बोटांना सगळं कळत होतं. खालचा बोल्ट कुठे, किती आटे, कुठे दम धरायचा, कुठे सोडायचा. जुनं तेल घमेल्यात पडलं. नवा वायसर बसला, नवा फिल्टर बसला. वरून तेल त्यानेच ओतलं, थेंब न सांडता, आणि पट्टी तीनदा पुसून तीनदा बघितली. संजनाने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि या वेळचं गप्प बसणं वेगळं होतं.

"फुडचा तेल कदी?" हात पुसत त्याने विचारलं.

"धा हजार किलोमीटरांनी."

"म्हणजे किती म्हयने?"

"धा म्हयने धरा."

लवूने मनातल्या मनात दहा महिने मोजून बघितले. ते त्याला फार वाटले.

"संजना," तो म्हणाला, "तू कामारसून सरळ घराक येतंस ना? मगे येताना वायच लांबच्या वाटेन येत जा."