राणीचे झिजलेले नाक

मी एक जुने रौप्यपदक आहे. माझ्या एका अंगावर राणीचा चेहरा आहे. निदान एके काळी होता. मित्रांनो, ताठ बसून ऐका. पोक काढून ऐकणारे मला खपत नाहीत.

माझा जन्म लंडनच्या टांकसाळीत झाला. कडेवर माझ्या धन्याचे नाव कोरले गेले : एनॉक मेटकाफ, घोडदळ. क्रिमियाच्या युद्धात भर गोळीबारात त्याने एका जखमी सोबत्याला आपल्या घोड्यावर ओढून घेतले होते.

पलटणीत सार्जंट सग्डन यांचा दंडक कडक होता. दर शनिवारी विटेची पूड लावून पदक घासायचे, आणि त्यात सार्जंटना स्वतःच्या मिशा दिसल्या पाहिजेत. यॉर्कशरमधील आपल्या गावी परतल्यावरही वीस वर्षे एनॉकने एक शनिवार चुकवला नाही.

"राणीबाईंचं नाक संपवलंस," त्याची बायको केझाया म्हणे. "आता कानाला तरी हात लावू नकोस."

पुढे पलटणीचे जुने निशाण, म्हणजे झेंडा, समारंभाने कायमचे चर्चमध्ये ठेवले जाणार होते. पहिले बाक पदकधारी सैनिकांसाठी राखले होते. एनॉक रांगेत सर्वांत पुढे होता. दारातील तरुण कॅप्टनने माझी कड निरखली. ती गुळगुळीत होती, घासून घासून नाव पुसले गेले होते. अशी पदके जुन्या बाजारातही मिळतात, असे सौम्यपणे म्हणून त्याने मागचे बाक दाखवले. एनॉकची मान खाली गेली. केझाया मात्र दार अडवून उभी राहिली. सारी रांग खोळंबली.

तेवढ्यात काठी टेकत म्हातारे सग्डन पुढे आले. त्यांनी मला उजेडात धरले.

"नाव नाही, नाक नाही. म्हणजे हा माझाच माणूस."

कॅप्टन गोंधळला. सग्डननी स्वतःचे पदक काढून त्याच्या तळहातावर ठेवले. त्यावरही राणीला नाक नव्हते. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी एकेक करून आपली पदके पुढे केली. एकाही राणीला नाक नव्हते, एकाही कडेवर नाव नव्हते. कॅप्टनने टाचा जुळवून एनॉकला सलाम केला आणि तो बाजूला झाला.

आत जाता जाता केझाया म्हणाली, "सार्जंटसाहेब, माझ्या परसातल्या भिंतीच्या अकरा विटा खाल्ल्यात तुम्ही."

आता मी एनॉकच्या नातीच्या घरी मखमलीवर असते. मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा अवश्य राखा, पण मऊ फडक्याने आणि हलक्या हाताने. आमच्यावरची नावे पुसून टाकू नका. ओळख पटवायला दर वेळी सग्डन येतीलच असे नाही.