डावं चाक

वडिलांनी डाव्या बुटाची नाडी बांधली, गाठ ओढून पाहिली, मग सोडली आणि पुन्हा बांधली. उजव्या बुटाला एकदाच बांधून ते मोकळे झाले. उजव्यावर त्यांचा विश्वास होता.

"घरातच तर बसायचंय. बूट कशाला?" तिने विचारलं.

"कामाचं बोलायचं तर पायात बूट हवेत. उघड तुझं यंत्र."

तिने लॅपटॉप मांडीवर घेतला. कंपनीला पंच्याहत्तर वर्षं होत होती आणि त्यानिमित्त गेंड्यावर एक जाडजूड पुस्तक निघणार होतं. गेंडा म्हणजे कंपनीची ती जुनी, खडकाळ वाटांवर चालणारी गाडी. चाचणी-चालकांच्या पहिल्या पिढीतले आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले होते. कचेरीतल्या एका मुलीने अकरा प्रश्न पाठवले होते. वडील सांगणार आणि ती टाइप करणार, असं ठरलं होतं. वीस वर्षं ती छापखान्यात मुद्रितं तपासत होती. दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी बाई, असं वडील तिला म्हणायचे.

"पहिला प्रश्न. गेंडा लोकांना इतका का आवडला?"

"कारण तिकडे दुसरं काही जातच नव्हतं," वडील म्हणाले. "हे नको लिहूस." मग जरा थांबून, "नाही, लिही. खरं तेच आहे."

मग त्यांची गाडी सुरू झाली. युद्ध संपल्यावर लष्कराच्या गोदामांत इंजिनं आणि चाकांचे आस बेवारशी पडले होते. मालकांनी ते वजनावर उचलले आणि वर पत्र्याचं खोकं बसवलं. पुढचा पत्रा सपाट, कारण पत्रा वाकवायचं यंत्रच कंपनीकडे नव्हतं. "पुढे यंत्र आलं. पण तोवर ते चपटं तोंडच लोकांच्या मनात बसलं होतं. मग पत्रा वाकवायची कुणाची छाती झाली नाही." दारं नव्हती, त्यामुळे दारांचा खडखडाट नव्हता. छत कापडाचं. बिघडली तर कुठे बिघडली ते कानाला कळायचं आणि एक पाना, एक तारेचं वेटोळं एवढ्यावर घरी परत येता यायचं. बॉनेटवर नकाशे पसरायचे, जेवणं व्हायची. एकदा एका डॉक्टरीणबाईंनी बाळंतपणसुद्धा केलं.

"बॉनेटवर?"

"थंडी होती, इंजिन गरम होतं. बाईंनीच सांगितलं, बंद करू नका म्हणून. मी पाठ करून उभा होतो. बाळ रडल्यावर बंद केलं."

आई आतून म्हणाली, "मुलीला काय काय सांगताय?"

"मुलगी त्रेचाळीस वर्षांची आहे."

"म्हणून काय झालं. आणि ते गेंडापुराण आटपा, जेवण निवतंय." मग तिला ऐकू जाईल अशा बेताने, "गाडीचं नाव गेंडा, आणि माणसाची कातडी बघ. कुणी नख लावलं तरी चौतीस वर्षं दुखतंय."

वडील हसले नाहीत. त्यांनी व्हरांड्याच्या डाव्या कठड्याकडे पाहिलं. तिथे काहीच नव्हतं, पण ते तिकडेच पाहायचे. घराबाहेर पडताना डावी खिडकी, झोपायच्या आधी शेगडीचं डावं बटण. नातेवाइकांत ती एक जुनी थट्टा होती. लग्नाला निघालेल्या नवरदेवालाही कुणीतरी विचारायचं, डावी बाजू बघितली का रे? सगळे हसायचे. तीही हसायची.

"आता शेवटचं," वडील म्हणाले. "हे मी सांगतो तसंच लिही. शब्द बदलायचा नाही. 'प्रदर्शनाच्या दिवशी उजव्या चाकाची चकती मी लावली, डाव्याची विसरलो. त्यामुळे माझ्या जोडीदाराचा पाय गेला.'"

तिची बोटं थांबली.

"हे कशाला, बाबा? आनंदाचं पुस्तक आहे ते."

"माझं नाव छापायचं आणि त्याचा पाय गाळायचा, असं कसं चालेल?"

"पण इतक्या वर्षांनी—"

"इतक्या वर्षांनी म्हणूनच. माझ्यामागे कुणी म्हणायला नको की गाडीत दोष होता. गाडीत दोष नव्हता. लिहिलंस का?"

तिने लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांनी डोळे मिटले होते, आणि ते संपल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून उठले. दिवसभराचं काम मनासारखं झालेल्या माणसासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन व्हरांड्यात गेली तेव्हा ते खुर्चीतच होते. डावा बूट घातलेला होता, नाडी बांधलेली होती. उजवा मांडीवर होता.

*

त्या जुन्या गेंड्याची पुढची चाकं एरवी नुसती फिरायची. गाडी ओढायची मागची दोन. चढ आला की चालकाने खाली उतरायचं आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध असलेली तळहाताएवढी चकती फिरवायची. टक असा आवाज आला की चाक जुंपलं गेलं. लागलेली चकती पुन्हा फिरवली तर तसाच टक वाजून चाक सुटे. दोन्ही जुंपावी लागत. एक जरी मोकळं राहिलं तरी सगळा जोर त्या मोकळ्या बाजूने निसटून जाई, आणि दुसरं असून नसल्यासारखं.

हे तिला वाचायला येण्याआधीपासून माहीत होतं. सुट्टीच्या दिवशी वडील तिला कारखान्यामागच्या चाचणीच्या टेकाडावर न्यायचे. डाव्या चाकाची चकती तिची. दोन्ही हातांनी ती फिरवायची, टक वाजलं की वडील उजवीकडून विचारायचे, "लागलं का, मिस्त्री?" आणि ती म्हणायची, "लागलं." खुणेचा बाण कुठल्या रेघेवर यायला हवा ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला टक तेवढं ठाऊक होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी ती नऊ वर्षांची होती. बाहेरगावचे मोठे खरेदीदार आले होते, कामगारांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. साहेबांचं म्हणणं होतं की चालक पाहुण्यांसमोर उतरून चाकांशी खटपट करताना दिसू नये. गाडीने मांडवातून निघावं आणि थेट टेकाड चढावं. म्हणून वडिलांनी सकाळीच, शेडमध्ये, दोन्ही चकत्या लावून ठेवल्या. मग ते शर्ट बदलायला गेले. ती गाडीपाशी आली. तिला वाटलं, बाबा विसरून गेले आहेत. इतकी माणसं, इतकी गडबड, विसरणारच. तिने डाव्या चाकापाशी गुडघे टेकले, नव्या फ्रॉकला वंगण लागू नये म्हणून तो वर खोचून घेतला, आणि दोन्ही हातांनी चकती फिरवली. टक वाजलं. उजवीकडे जाणार तेवढ्यात आईने हाक मारली.

गाडी निम्मं टेकाड चढली. सुट्या खडीवर मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली, गाडी मागे घसरली, आडवी झाली आणि डाव्या कुशीवर उलटली. डावीकडे बसले होते वडिलांचे जोडीदार, फिटरकाका.

तीन दिवस वडील म्हणत राहिले, दोन्ही लावल्या होत्या, मी स्वतः लावल्या होत्या. चौथ्या दिवशी चौकशीवाल्यांनी त्यांना नेऊन चाक दाखवलं. उजवं जुंपलेलं, डावं मोकळं. वडील घरी आले, हात धुतले, जेवायला बसले आणि म्हणाले, "विसरलो असेन." महिन्याभराने 'असेन' गळून पडलं. ते पुन्हा कधी गाडी चालवायला बसले नाहीत. निवृत्तीपर्यंत फाटकावर बसून आल्या-गेल्या गाड्यांचे नंबर लिहीत राहिले, आणि दर रविवारी दोन बस बदलून फिटरकाकांकडे पत्ते खेळायला गेले.

तिला कुणी काही विचारलं नाही. नऊ वर्षांच्या मुलीला कोण विचारणार? आधी भीतीने सांगितलं नाही. मग परीक्षा होत्या, मग आई आजारी होती, मग वडिलांना कुठे दोन बरे दिवस आले होते. पुढे पुढे ते सांगणं म्हणजे एक नाही, दोन गोष्टी सांगणं झालं: मी केलं, आणि इतकी वर्षं तुम्हाला पाहत गप्प बसले. पहिली कदाचित सांगता आली असती.

*

आठव्या दिवशी फिटरकाका आले. रिक्षातून उतरायलाच त्यांना पाच मिनिटं लागली. गुडघ्याखालचा पाय नकली होता आणि कुणी हात दिलेला त्यांना खपत नसे. वडिलांच्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं आणि दुसरीत बसले.

"रविवारी पत्ते मांडले मी," ते म्हणाले. "दोघांचे. वाटून झाल्यावर लक्षात आलं."

आत आईने चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला.

"कंपनीतली पोरगी म्हणाली, उस्तादांनी शेवटचं जे सांगितलं ते तुझ्याकडे आहे. वाच की. आवाज तुझाच असेल, पण बोलणं त्याचं असेल."

तिने लॅपटॉप आणला. वाचू लागली. सपाट पत्र्यापाशी काका मान हलवत होते, बाळंतपण आलं तेव्हा म्हणाले, "पाठ करून उभा होता म्हणे. चक्कर येऊन पडला होता लेकाचा, मी पाणी मारलं." शेवटच्या परिच्छेदाच्या आधी ती थांबली आणि तिने झाकण खाली घेतलं.

"पुढे?"

"एवढंच आहे."

"नाही." काकांनी मान वर केली नाही. "त्याच रात्री त्याचा फोन होता मला. म्हणाला, लिहून टाकलं रे एकदाचं. काय लिहिलं तेही सांगितलं. ते खोडून टाक."

"शब्द बदलायचा नाही म्हणाले होते, काका."

"तो काय म्हणाला ते राहू दे. मी काय म्हणतो ते ऐक." त्यांनी नकली पाय हाताने उचलून सरळ केला. "टेकाडाच्या पायथ्याशी त्याने गाडी उभी केली होती. एक क्षणभर. पाहुण्यांना वाटलं, ऐटीसाठी. त्याने मला विचारलं, डावं बघ रे एकदा. चाक माझ्या बाजूला होतं. नुसतं वाकायचं होतं, उतरायचंही नव्हतं. समोर एवढी माणसं, साहेब हात करतोय. मी न बघताच म्हणालो, बघितलं."

आत आधण उकळत होतं.

"चौकशीत त्याने हे सांगितलं नाही. मला विचारलं होतं, असं एकदाही बोलला नाही. मी हॉस्पिटलात होतो, पाय नव्हता. मला वाटलं, बरा झालो की सांगेन. मग वाटलं, रविवारी सांगेन. किती रविवार झाले?"

तिला मोजता आले असते. तिने मोजले नाहीत.

"तेव्हा तू असं कर," काका म्हणाले. त्यांचा आवाज आता कामाचा झाला होता. "तो परिच्छेद काढ. लिही, डावं चाक बघायचं काम फिटरचं होतं, फिटर खोटं बोलला. माझी सही हवी तर देतो. पाय माझाच गेलाय, मला कोण काय म्हणणार? उस्तादाचं नाव तरी निर्मळ राहील."

तिने झाकण पुन्हा उघडलं. वडिलांचं वाक्य समोर होतं, त्याच्यापुढे ती बारीक उभी रेघ उघडमीट करत होती. वीस वर्षांत हजारो ओळी तिने याच सहजपणे बदलल्या होत्या. आता एक म्हातारा माणूस समोर बसून स्वतःहून चूक पत्करत होता. नाव निर्मळ झालं असतं. कुणी काही विचारलं नसतं. याही वेळी.

तिची बोटं कळांवर होती. काका वाट पाहत होते. डोळे पुसावेत म्हणून त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि ते चष्माच पुसत बसले.

आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली. ट्रेवर तीन कप होते. दोन्ही खुर्च्यांकडे पाहून, रिकाम्या खुर्चीत बसावं की नाही हे न ठरल्यामुळे ती तशीच उभी राहिली.

"आई, तू बस," ती म्हणाली. "बाबांच्या खुर्चीत बस. तुलाही ऐकायचंय."

आई बसली. ट्रे तिच्या मांडीवरच राहिला.

तिने लॅपटॉप बंद करून जमिनीवर ठेवला. हातात काही नको होतं. नकळत तिने दोन्ही तळवे एकमेकांसमोर धरले, अंतर राखून, जणू मध्ये काही गोल वस्तू होती.

"तुम्ही वाकून बघितलं असतं, काका, तर चकती मोकळी दिसली असती, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण बाबा विसरले नव्हते. डावं चाक त्यांनी लावलेलं होतं. मला वाटलं, राहिलंय. म्हणून मी फिरवलं."