स्क्रूवरचा लाल ठिपका

"ठिपका फुटलाय," कुमुद म्हणाली.

हृतिकनं खुर्ची जवळ ओढली. "कसला ठिपका?"

जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरून हॉलमधल्या टाकीवरचा दिवा उलटा ठेवला होता. हातभर लांब अॅल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर रांगेनं बसवलेले निळे-पांढरे एलईडी, आणि त्यांच्यावर खारे शिंतोडे उडू नयेत म्हणून चार स्क्रूंनी आवळलेला अॅक्रिलिकचा पारदर्शक पत्रा. मागच्या खेपेला कुमुदनं चारही स्क्रूंवर लाल नेलपॉलिशचा एकेक थेंब सोडला होता. चारही थेंब मधोमध चिरले होते.

"मी गेल्यावर हा कुणीतरी उघडलाय."

"माझ्या घरात?" हृतिक हसला नाही. "ताई, तीन महिन्यांत तिसऱ्यांदा निळी लाईन गेली. समुद्राच्या पाण्याची टाकी आहे, उजेड गेला की कोरल मरतात. ते कोरल बघा, जांभळं होतं, आता चुन्यासारखं झालंय. आणि तुम्ही मला नेलपॉलिश दाखवताय."

स्वयंपाकघरातून त्याची बायको स्नेहल म्हणाली, "कल्पेश सांगत होता, घरगुती काम करणारे एखादा जोड मुद्दाम कच्चा ठेवतात. परत बोलावणं यायला पाहिजे ना."

"स्नेहल."

"मी नाय म्हणत. कल्पेश म्हणतो."

कुमुदनं फुटलेल्या ठिपक्यावर नख फिरवलं. बावीस वर्षं तिनं तळोज्याच्या कारखान्यात तारांचे जोड सोल्डर करायचं झारणकाम केलं होतं. तपासलेल्या प्रत्येक नगावर लाल ठिपका द्यायचा, आणि ज्यानं ठिपका दिला त्यानं पुढे त्या नगाची जबाबदारी घ्यायची, अशी तिथली रीत. कारखाना बंद झाल्यावर खांदा कॉलनीतल्या घरी बाल्कनीत टेबल टाकून ती हे दिवे बांधू लागली. पनवेलपासून खारघरपर्यंत टाक्या ठेवणाऱ्यांचा एक ग्रुप होता. त्यांतला एक दुसऱ्याला तिचं नाव सांगायचा, तेवढ्यावर तिचं काम चाले. नाव गेलं की टेबल रिकामं.

तिचा संशय कल्पेशवरच होता. दर मंगळवारी टाकीचं पाणी बदलायला तो यायचा आणि त्याच्या दुकानात बाहेरच्या देशातले दिवे विकायला असायचे. गेल्या शनिवारी मारुतीच्या देवळात बुवांचं कीर्तन ऐन रंगात आलं होतं, झांजा टिपेला पोचल्या होत्या, आणि कुमुद मनातल्या मनात कल्पेशची पिशवी उचकत बसली होती. घरी आल्यावर तिला आख्यान कुठलं होतं तेही सांगता आलं नसतं.

"कल्पेशला विचारा," ती म्हणाली.

हृतिकनं फोन लावून स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून घेतल्यावर पलीकडून कल्पेश म्हणाला, "ताई, मी असतो तेव्हा वहिनी समोर असतात. दिव्याला मी हात लावत नाही. खरं सांगू? मला वाटायचं तुम्हीच करता."

फोन ठेवून हृतिक म्हणाला, "आज शेवटचं. परत गेला तर जे झालं ते ग्रुपवर लिहीन. बाकीच्यांना कळायला हवं."

कुमुदनं पत्रा काढला. आत पांढऱ्या मिठाची साय धरली होती. ती तिनं ब्रशनं चादरीवर झटकली, दिवा पुसला. एकही जोड सुटलेला नव्हता. तार मात्र कशाच्या तरी धारेनं कापली होती आणि तांबं हिरवं पडलं होतं. स्क्रूंच्या खाचाही रुंदावल्या होत्या, जाडसर काहीतरी घालून फिरवल्यासारख्या. कल्पेशकडे स्क्रूड्रायव्हर असतो, त्याला असं काही घालावं लागलं नसतं, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलंच नाही. तिनं तार बदलली, पत्रा आवळला, नवे ठिपके दिले आणि दिवा टाकीवर टांगला.

टाकीजवळ खुर्ची टाकून हृतिकचे आजोबा, महादेव घरत, बसले होते. ऐंशीला टेकलेले, थोडे विसराळू. खुर्ची हळूहळू पुढे सरकत काचेला लागली होती.

"आजोबा, मागे," स्नेहल म्हणाली. "परवा टाकीत हात घातलात. आता परत दिसलात तर हॉलमध्ये बसणं बंद. आतल्या खोलीत राहायचं."

म्हाताऱ्यानं खुर्ची वीतभर मागे घेतली.

हृतिक साईटवर गेला. चार वाजता टायमरवर निळा उजेड लागतो, तो टिकतो का बघून जाते, असं कुमुद म्हणाली. मुलीला क्लासहून आणायला निघताना स्नेहल दारात घुटमळली. "आजोबा, ताई बसल्यात हां. बघा जरा." कुणावर लक्ष ठेवायला कुणाला सांगितलं, ते कुमुदला समजलं.

चार वाजले. टाकी निळी झाली. आजोबा उठले. कनवटीला खोचलेली चार आण्यांची जुनी पावली काढून त्यांनी ती स्क्रूच्या खाचेत घातली आणि फिरवली.

कुमुदनं मोबाईल काढला आणि व्हिडिओ सुरू केला. एक ठिपका फुटला. दुसरा. चौथ्यानंतर पत्रा सराईतपणे खाली आला. खिशातून स्टीलची पट्टी काढून म्हाताऱ्यानं ती एलईडींच्या मधून ओढली, पट्टीचं टोक डोळ्यांजवळ धरलं आणि मग तिच्याकडे वळून पाहिलं.

"सगलं पुसलंस?"

"हो."

"मिठाचा कन पन नाय ठेवला?"

तिनं मोबाईल खाली केला. "चादरीत आहे."

तिनं चादर उलगडताच ते गुडघ्यावर बसले. पट्टीच्या धारेनं त्यांनी मीठ एका बाजूला ओढलं, त्याची निमुळती रास केली. मग बामची जुनी डबी काढली. ती मिठानं अर्धी भरलेली होती.

"आमचं मिठाचं आगर हितंच होतं, बाय. या बिल्डिंगीच्या खाली. पानी आटलं का मीठ वर येतं. ते रोजचं रोज काढायला लागतं, नायतर खराब होतं. या पोरांना ठावं नाय."

"हृतिकला माहीत आहे?"

"त्याला नको सांगू. आत बसवतील मला. आत काय हाय? भिंत."

व्हिडिओ एक मिनिट चाळीस सेकंदांचा झाला होता. कुमुदनं दिवा बंद केला, पत्रा पुन्हा बसवला आणि दिवा परत लावला.

सहाला हृतिक आला. "कळलं कोण उघडतं ते?"

मोबाईल तिच्या हातातच होता. खुर्चीत आजोबा डोळे मिटून बसले होते. डबीवरची त्यांची मूठ मात्र मिटलेल्या डोळ्यांपेक्षा घट्ट होती.

"माझी बांधणी चुकली," ती म्हणाली. "मीठ आत जातं आणि आतच राहतं. दोन दिवसांत बदलून देते."

हे खोटं तर नाही ना, असं तिनं रिक्षात बसल्यावर स्वतःला विचारलं. मीठ आत जात होतं, एवढं खरं होतं. खांदा कॉलनी यायच्या आत तिनं व्हिडिओ पुसून टाकला.

दुसऱ्या दिवशी ती कल्पेशच्या दुकानात गेली. "मी उगाच तुमचं नाव घेतलं. चुकले." कल्पेश पाण्याची पिशवी बांधत होता. "मी पण घेतलंच की तुमचं," तो म्हणाला आणि तिला बसायला स्टूल दिलं.

दोन दिवसांनी तिनं नवी रचना आणली. आतला पत्रा कडेनं पक्का चिकटवलेला, आणि त्याच्याखाली दोन आकड्यांवर अडकवलेली वेगळी काच. स्क्रू एकही नाही.

"खालची काच रोज काढून पुसायची. मीठ तिच्यावरच धरेल," ती म्हणाली. "चार वाजता. आजोबांना सांगा."

"आजोबांना?" स्नेहलनं विचारलं.

"हात हलका आहे त्यांचा. हे काम त्यांनाच जमेल."

हृतिकनं आकडे हलवून पाहिले. "म्हणजे चूक तुमचीच होती."

"माझीच."

"ग्रुपवर विचारतायत सगळे. तसं लिहू?"

"लिहा."

तो सोफ्यावर बसून अंगठ्यांनी लिहू लागला. बरंच लिहीत होता. सवयीनं कुमुदनं नेलपॉलिशची बाटली उघडली, ब्रश वर काढला, आणि ठिपका द्यायला जागाच नाही हे तिच्या ध्यानात आलं.

तेवढ्यात बामची डबी पुढे आली. आजोबांनी ती झाकणाची बाजू वर ठेवून तळहातावर धरली होती.

तिनं झाकणाच्या मधोमध एक थेंब सोडला. तो वाळेपर्यंत आजोबांनी हात हलवला नाही.