दुर्बिणीतला हिरवा ठिपका

मस्कतहून सुट्टीवर आलेल्या भाच्याने, प्रितेशने, मामाच्या रायफलीवर बसवायला दुर्बीण आणली आणि त्याच दिवसापासून श्रीपतच्या मागे भीती लागली. आता भाच्याचा यात काही दोष नाही. पोराने हौसेने आणली, स्वतःच्या हाताने बसवून दिली, मामाच्या पायाही पडला.

दुर्बीण म्हणजे वीतभर नळी. तिच्यातून लांबचं जवळ दिसत नाही, काही नाही. फक्त काचेत एक बारीक ठिपका पेटतो, आणि तो जिथे ठेवाल तिथे गोळी जाते. बाजूची चकती एकीकडे फिरवली की ठिपका लाल, दुसरीकडे फिरवली की हिरवा. जेवढी जास्त फिरवाल तेवढा झगझगीत.

"मामा, रंग तुझ्या मर्जीचा," प्रितेश म्हणाला. "लाल घे नायतर हिरवा घे. आता नेम चुकूच शकत नाय."

श्रीपतने डोळा लावला. लाल ठिपका हा ठिपका नव्हताच मुळी. ओल्या भिंतीवर कुंकवाचं बोट ओढावं तसा तो फरफटला होता. घाईघाईने हिरवा केला, तर त्या हिरव्याचे दोन झाले. एक खाली, एक जरा तिरका त्याच्या वर, आणि दोघांच्या मधे पुसट शेपूट.

"कसा काय?" प्रितेशने विचारलं.

"एक नंबर," श्रीपत म्हणाला.

बोलून गेला बिचारा! तोंडातून गेलेला शब्द आणि नळीतून गेलेली गोळी, दोन्ही माघारी येत नाहीत.

गोष्ट दोन हजार चार-पाच सालची. गोखिवऱ्याच्या रस्त्याला तेव्हा गाळ्यांवर गाळे उठत होते, पण डोंगराच्या अंगाला भातशेती होती आणि श्रीपतच्या पाड्यातली सगळी घरं त्या भातावर जगत होती. भात पिवळं पडायला लागलं की रानडुकरं उतरायची. खायची थोडं आणि लोळून नासवायची फार. पाड्यात परवान्याची रायफल एकच, श्रीपतच्या बापाची, बापामागे रीतसर श्रीपतच्या नावावर झालेली. ती दुसऱ्या कोणी उचलायची नाही, तसा कायदाच आहे. म्हणजे बसायचं श्रीपतनेच, मारायचं श्रीपतनेच. बाप असा नेमबाज होता की अजून म्हातारी माणसं त्याचं नाव घेऊन पोरांना दटावतात. आणि गेल्या साली श्रीपतचा नेम चुकला होता. डुकराच्या पुठ्ठ्याला नुसती गोळी चाटून गेली आणि पिसाळलेल्या त्या जनावराने धाकट्या भावाचा, कृष्णाचा, बैल फाडला. कृष्णा एका शब्दाने बोलला नाही. उलट लोकांना सांगत फिरला, की रायफलीच्या टोकाचा नेम धरायचा मोहरा झिजलाय, दादाचा हात नाय चुकत.

म्हणून तर ही दुर्बीण आली.

सकाळी प्रितेश सासुरवाडीला गेल्यावर श्रीपतने बायकोला पडवीत बोलावलं. सत्यवती तांदूळ निवडत होती, सूप घेऊनच आली.

"जरा यातून बघ. काय दिसतं?"

"मी? अवो, मला काय कलतं त्यातलं?"

"बघ गं तू. गोली नाय भरलेली."

तिने एक डोळा मिटला. "ठिपका हाय. हिरवा."

"किती?"

"किती म्हंजे? एक. मुगाएवढा पन नाय." मग तिने नळीवरून नजर काढली आणि नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तुमाला किती दिसतात?"

श्रीपतने रायफल परत घेतली, डोळा लावला आणि मान हळूहळू खांद्यावर कलती केली. ठिपक्याची शेपूटही मानेबरोबर फिरली. रायफल होती तिथेच होती. म्हणजे खोट नळीत नव्हती, त्याच्याच डोळ्यात होती. गेल्या सालचा मोहरा नव्हता झिजला, आणि बैलही मोहऱ्यापायी नव्हता मेला. हे त्याला तिथे पडवीत कळलं.

"ऐतवारी डुकरं उठवायला हाका हाय," सत्यवती हळूच म्हणाली. "निम्मा पाडा रानात उतरनार. कृष्णाभावजी पुढं. तुमी नका बसू."

"आनि लोकांना काय सांगू?"

"दिसत नाय म्हनून सांगा! त्यात काय चोरी केली?"

"बापाचं नाव घालवू?"

"बापाचं नाव मोठं का मानसाचा जीव मोठा?" ती कडाडली. "उद्या गोली मानसाला लागली म्हंजे नाव ऱ्हाईल का?"

बाईचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण खरं पटणं वेगळं आणि ते चार माणसांत बोलणं वेगळं. श्रीपत रागाने उठला, रागाने पायताण घातलं आणि गुपचूप वसईगावात क्लेमेंटच्या चष्म्याच्या दुकानात गेला.

क्लेमेंटने त्याला खुर्चीवर बसवून काचा बदलून बदलून तपासलं. "काका, तुमचं बुबुळ पाहिजे तसं गोल नाही. अंड्यासारखं लांबट आहे. म्हणून उजेडाचा ठिपका फाटतो. सिलिंडरचा नंबर आहे, बराच आहे. चष्मा करू या. काचा मुंबईहून येतील, पुढच्या आठवड्यात देतो."

"ऐतवारच्या आधी नाय व्हायचा?"

"नाही हो. एवढी काय घाई?"

श्रीपतच्या जिभेवर खरं आलं होतं. पण दुकानात दोन ओळखीच्या बाया फ्रेमी बघत बसल्या होत्या. तो म्हणाला, "पोराने बॅटरी आनलीय. लाल नि हिरवा, दोन रंगाची. राखनीला वापरायची. कुठला रंग बरा?"

"बॅटरी? मग हिरवा वापरा. तुम्हाला तो कमी फाटलेला दिसतोय. आणि उजेड कमीत कमी ठेवा. जितका जास्त उजेड, तितका जास्त पसरेल."

सल्ला अगदी बरोबर होता, बॅटरीसाठी. लपवून औषध मागणाऱ्याला दुसऱ्याच रोगाचं औषध मिळतं, त्याला क्लेमेंट तरी काय करणार?

घरी येऊन श्रीपतने पडवीतून समोरच्या पांढऱ्या भिंतीवर नळी धरली. हिरवा, सगळ्यात मंद. खरंच, दोन ठिपके सरकून जवळजवळ एक झाले होते. त्याचा जीव भांड्यात पडला. शनिवारी तो पोटभर जेवलादेखील.

रविवारी दिवस कलल्यावर हाका सुरू झाला. वर करवंदीच्या जाळीत डुकरं बसलेली, खाली ओहोळ, आणि ओहोळाच्या अलीकडे बांधाआड श्रीपत. नियम बापाच्या वेळेपासूनचा. हाकाऱ्यांनी डबे बडवत यायचं ते ओहोळापर्यंत, ओहोळ ओलांडायचा नाही. ओहोळाच्या अलीकडे फक्त डुक्कर आणि बंदूकवाला.

डबे वाजू लागले तसा श्रीपतने डोळा लावला आणि त्याला ठिपका दिसेचना! समोर हिरवंगार गवत, हिरवी जाळी, मागे हिरवा डोंगर. पांढऱ्या भिंतीवर छान दिसलेला तो मंद हिरवा ठिपका त्या हिरव्यात कुठे बुडाला कोण जाणे. लाल करून बघितला, तर तीच कुंकवाची फरफट. परत हिरवा. चकती एक घर फिरवली. नाही. आणखी एक. नाही. डब्यांचा आवाज जवळ आला, कोणीतरी ओरडलं, "उठला! उठला रं!" श्रीपतने चकती शेवटपर्यंत फिरवली.

भक्कन दोन ठिपके पेटले. आता त्यांच्यात चांगलं अंतर होतं.

डुक्कर जाळी फोडून बाहेर आलं. नर होता, काळा धिप्पाड, सुळे बाहेर. ओहोळाच्या पाण्यात धबाधबा उतरून ते सरळ बांधाच्या दिशेने येऊ लागलं. श्रीपतने खालचा ठिपका त्याच्या छातीवर ठेवला. मग वरचा ठिपका कुठे आहे ते त्याने पाहिलं.

वरचा ठिपका कृष्णाच्या पोटावर होता.

कृष्णाने ओहोळ ओलांडला होता! बैलाचं दुःख त्याच्या मनात होतं, यंदा डुक्कर सुटू द्यायचं नाही म्हणून हातात भाला घेऊन तो डुकराच्या मागोमाग धावत येत होता. डुकराच्या पाठीच्या वर लगेच त्याचा बनियन. वरचा ठिपका बनियनवर, खालचा डुकरावर, दोन्ही सारखेच झगझगीत. श्रीपतचं बोट घोड्यावर होतं. खालचा खरा, असं त्याला वाटलं. लगेच वाटलं, वरचाच खरा, खालची नुसती सावली. मान कलती केली तर दोघे फिरून अदलाबदल झाल्यासारखे झाले. ओरडावं म्हटलं तर डब्यांच्या गोंगाटात कोण ऐकणार? देवा रे, देवा रे, एवढंच मनात. डुक्कर वाढत वाढत नळीभर झालं आणि बोट दाबलं जाऊ लागलं. अर्धं दाबलंही गेलं.

तेवढ्यात डुक्कर बांधाला थडकलं, वळलं आणि श्रीपतच्या अंगावर माती उडवत भातातून खाली पळालं. गोळी सुटलीच नाही. श्रीपत तसाच गुडघ्यावर बसलेला, बोट घोड्यावरून निघता निघेना.

कृष्णा धापा टाकत आला आणि त्याने भावाला मिठीच मारली. मागून हाकारे आले, बाया आल्या, त्यात सत्यवतीही होती.

"बघितलंत का रं?" कृष्णा सगळ्यांना ओरडून सांगू लागला. "मी येडा, जोशात ओहोळ वलांडला! दुसरा कोन असता तर मी मेलोच होतो. पन दादाने मला बघितलं आनि गोली थांबवली. समोर डुक्कर अंगावर येतंय नि हा हालला नाय! याला म्हनतात नजर!"

"बापाचा बेटा!" म्हातारा थॉमस म्हणाला. बाजूच्याच वाडीतला, श्रीपतच्या बापाबरोबर हाक्याला जाणारा. "अरे, तुझा बापूस पन असाच होता. पुढच्या ऐतवारी परत हाका लावू. डुक्कर जातंय कुठं?"

"लावू ना!" कृष्णाने श्रीपतच्या खांद्यावर हात टाकला. "आता मी ओहोळाच्या अलीकडं पन येईन. दादा बसला म्हंजे मला भ्या नाय."

सगळे हसले. श्रीपतने सत्यवतीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. पदराचा बोळा तोंडात धरून ती उभी होती. इतका वेळ श्रीपतला डुकराची भीती वाटली, लोकांची वाटली, बापाच्या नावाची वाटली. आता त्याला भावाच्या त्या भरवशाची भीती वाटली, आणि ही भीती त्या सगळ्यांहून मोठी होती.

"मी तुला बघून गोली नाय थांबवली," तो म्हणाला.

"मंग?"

"मला एकाचे दोन ठिपके दिसतात, कृष्णा. डोळाच तसा हाय. गेल्या साली पन तसाच होता. आज एक ठिपका डुकरावर होता आनि एक तुझ्या पोटावर."

कृष्णा अजून हसतच होता, थट्टा समजून.

"आनि त्यातल्या कुठल्यावर मारनार होतास?"

"तेच ठरवत होतो," श्रीपत म्हणाला.

कृष्णाने त्याच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.