बूच राहिलेली पेटी

मी पोलादाची पेटी बोलतेय. जुन्या दगडखाणीत साचलेल्या तळ्याच्या काठावर मला आडवं टाकलंय. माझ्या अंगावर ही एवढी फट आहे आणि ती बघून लोक म्हणतात, बरं झालं. का, ते मला विचारू नका. मी तेच कोडं सोडवत बसलेय.

मला घडवलं एका वेल्डरने. सगळे त्यांना काका म्हणतात. चार दिवस खपून त्यांनी मला सांधलं. एकेका सांध्यावरून बोट फिरवायचे, मनासारखा नसला की घासून पुन्हा करायचे. मला वाटलं, एवढी निगा राखतायत म्हणजे कुणाचे दागिने ठेवायला जाणार मी. कसलं काय! मला पाण्यात बुडवून शेजारी स्फोट करायचा होता. मोडायचंच होतं तर एवढं घासूनपुसून कशाला केलं?

इथल्या मुख्य म्हणजे चाचणीच्या बाई. काका त्यांना सांगत होते, "याच पत्र्याची पाणबुडी होणार. माझी लेक तिच्यावर इंजिनियर असणार. पहिल्याच फेरीला जाणार."

त्या सकाळी काकांनी माझ्यात पाणी भरून गळती तपासली, पाणी ओतून टाकलं आणि वरच्या भोकाचं बूच खिशात ठेवलं. तेवढ्यात लेकीचा फोन आला. बोलता बोलता त्यांनी क्रेनवाल्याला हात केला आणि मी निघाले तळ्यात. बूच खिशातच राहिलं.

बुडताना भोकातून पाणी डुबुक डुबुक आत आलं. मला वाटलं, असंच असत असेल.

मग स्फोट झाला. आधी एक तडाखा बसला. संपलं म्हणून हुश्श करते, तोच स्फोटाचा वायू पाण्यात फुग्यासारखा फुगला, आक्रसला, परत फुगला आणि दुसरा धक्का बसला. पण पत्रा जागचा हलला नाही. बाहेरचं पाणी ढकलत होतं, आतलं पाणी रेटून धरत होतं. माझं त्यात काही कर्तृत्व नव्हतं.

काठावर बाईंनी पत्र्याला मोजपट्टी लावली. "काका, पोचासुद्धा नाही."

"पण वर घेताना फार जड लागली," क्रेनवाला म्हणाला. कौतुकाच्या गडबडीत त्याचं कुणी ऐकलं नाही.

काकांनी घाम पुसायला रुमाल काढला आणि रुमालाबरोबर बूच हातात आलं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मूठ मिटली. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. मला सगळं माहीत होतं, पण माझं ऐकतंय कोण?

शेवटी ते बाईंपुढे गेले. "बाई, चुकलो. बूच लावायचं राहिलं. पेटीत पाणी होतं. पाणबुडीत हवा असते, माणसं असतात. ही चाचणी धरू नका."

"परत करायची म्हणजे सगळं लांबणार, काका. वर तुमच्या नावावर चूक लागेल."

"लागू दे."

दुसऱ्या वेळी आत नुसती हवा होती. पहिल्या तडाख्याला पत्रा आत गेला आणि दुसऱ्या धक्क्याला सांधा फाटला. काकांनी बोट फिरवून फिरवून केलेला सांधा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि बाई म्हणाल्या, "बरं झालं, इथे फाटली." आता पत्रा जाड घेणार आहेत. म्हणजे धड राहिले ती चूक आणि फाटले ते बरोबर? माझं तर डोकंच चालेना.

काका माझ्याशेजारी बसले. फटीत मनगटापर्यंत हात घातला आणि दुसऱ्या हाताने लेकीला फोन लावला. "तुझी फेरी वर्षभर पुढे गेली गं. माझ्यामुळे." पलीकडून ती बरंच रागावून बोलली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. हात मात्र फटीतून काढला नाही. तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नाही म्हणे.

उद्यापरवा मला भंगारात नेतील. त्याआधी काकांची लेक इकडे आली, तर तिला माझ्यापाशी आणा. समजावत बसू नका. फक्त या फटीत तिला हात घालू द्या.