गढूळ पाण्याचं टिंब

वसतिगृहाच्या टाकीतलं पाणी बाटलीतच मातकट दिसत होतं. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर गढूळपणा आला ४३. चालतो फक्त पाचपर्यंत. तिने आकडा संगणकात भरला आणि पुढचा नमुना हातात घेतला. दुपारी प्रिंटरपाशी सहज नजर गेली, तर अहवालात ४.३. खाली ‘पिण्यास योग्य’.

आधी तिने स्वतःलाच दोषी धरलं. आपल्याच हातून टिंब पडलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याच टाकीचं पाणी पुन्हा मागवलं, ३८ हा आकडा डोळ्यांत तेल घालून भरला. अहवाल आला ३.८ चा.

स्वच्छ पाण्याचे आकडे मात्र जसेच्या तसे. सुधारत होतं ते फक्त घाण पाणी.

तिच्या टेबलापासून अहवालापर्यंत एकच हात होता, तिच्या थोरल्या नणंदेचा. अहवाल काढून पाठवण्याचं काम नणंदेकडे, आणि टाक्या धुण्याचं कंत्राट नणंदेच्या नवऱ्याकडे. वसतिगृहाची टाकीही त्यांनीच धुतलेली. घरी नवऱ्याला काय सांगायचं, तुझी बहीण मुलांना चिखल पाजते?

ती गप्प राहिली आणि पाळत ठेवू लागली. नणंद फोनवर हळू बोलली तरी हिचे कान टवकारायचे.

“वहिनी, तब्येत बरी आहे ना? माझ्याकडे बघत बसतेस हल्ली,” नणंद म्हणाली.

“काही नाही, ताई. डोळे दुखतात.”

“मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मला बघून ते बरे व्हायचे नाहीत.”

नणंद रजेवर गेली त्या दिवशी तिने वसतिगृहाचं पाणी तिसऱ्यांदा तपासलं. ४१. आकडा भरला, जतन केला आणि लगेच नोंद उघडली. ४.१. खोलीत दुसरं कोणी नव्हतं. पुन्हा भरला, पुन्हा ४.१.

ती तडक संगणकाचं काम बघणाऱ्याकडे गेली. उठसूट शिकवत बसतो म्हणून त्याला सगळे मास्तर म्हणायचे.

“ट्रिगर आहे तो,” मास्तर शांतपणे म्हणाला. “नोंद आत शिरली की आपोआप चालतो. तुम्ही लोक हातमोजे घालून कीबोर्ड बडवता, टिंब उमटतच नाही. साफ पाणी बेचाळीस दाखवायचं. मग मी नियम घातला, दहाच्या वर गेलं की दहाने भाग.”

“आणि पाणी खरंच घाण असलं तर?”

“एवढं घाण कधी आलंच नव्हतं.”

“आलेलं तुम्ही दिसू कुठे दिलंत? आकडा पटला नाही तर अडवा. मला विचारा. माझ्या पाठीमागे बदलता कशाला?”

“अडवला की तुम्हीच बोंबलत येणार, काम अडलं म्हणून. आणि नियम डेटाबेसमध्येच हवा, बाई. कुठूनही भरा, चुकीचं आत येत नाही.”

“हो ना. बरोबर असलेलंही येत नाही.”

मास्तरने कुरकुरत भागाकार काढला. आता दहाच्या वरचा आकडा नाकारला जाई, दोनदा भरून खात्री दिली तरच आत घेतला जाई. तिने वसतिगृहाला फोन करून टाकी बंद करवली आणि जुने संशयास्पद अहवाल परत मागवले.

नणंद रुजू झाल्यावर तिने सगळं सांगितलं. जरा जास्तच भरभर. नणंदेने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हणजे यांना टाकी पुन्हा धुवावी लागणार. ते सांगते मी त्यांना.” मग चष्मा काढून तिने विचारलं, “पण वहिनी, आकडा बदलतोय हे तुला आधीच कळलं होतं. मी शेजारी बसलेली असताना नोंद उघडून का नाही बघितलंस?”

तिने तोंड उघडलं. नमुने जास्त होते, वेळ नव्हता, असं काहीतरी सांगता आलं असतं.

“ताई, मला वाटलं—”

“कळलं.” नणंदेने परत आलेल्या अहवालांचा गठ्ठा तिच्या टेबलावर ठेवला. “हे नव्याने तूच काढ. तूच सही कर, तूच पाठव. माझा हात नको मध्ये.”

आणि खुर्ची ओढून ती पाठमोरी बसली.