एकाच टेबलाशी चौदा जण

मी टेबल बोलतोय. नीट बसा, कोपरं आवरा आणि ऐका.

जन्माने मी दरवाजा. धान्याच्या गोदामाला तीस वर्षं उभा होतो. कुणी माझ्याशी बोललं नाही, मीही कुणाशी नाही. गोदाम पाडलं तेव्हा एका इटालियन खानावळीच्या मालकिणीने मला उचलून आणलं, पाय लावले आणि आडवं केलं. आता माझ्यावर चौदा माणसं जेवतात. कंटाळा ठाऊक नाही.

मालकीण विटांच्या भट्टीपाशी स्वतः उभी असते. पीठ मळते, पिझ्झा भाजते, ओरडते. तिचा नियम एकच. ओळख असो वा नसो, सगळ्यांनी एकाच टेबलाशी बसायचं. चीजची किसणीही सगळ्यांत मिळून एक. हवी तर शेजाऱ्याकडे मागा.

सून वैतागली होती. जोडपी दारातून डोकावत आणि अनोळखी गर्दी बघून परत जात.

"आई, लोकांना वेगळं बसायचं असतं. याची चार टेबलं करू."

"कर बाई, काय करायचं ते," मालकीण भट्टीकडे बघतच म्हणाली.

सुनेने सकाळी माझ्या अंगावर खडूने तीन रेघा मारल्या. सुतार तीन वाजता येणार होता. घाबरलो असं म्हणणार नाही. पण त्या दिवशी सूपचा वास मला आला नाही.

दुपारी गिऱ्हाइकं आली. त्यांना वाटलं, हद्दी आखल्यात.

"आजोबा, तुमचं कोपर आमच्या देशात आलंय," एक पोरगी म्हणाली.

"मग जकात घे." आजोबांनी तिच्या ताटलीत ऑलिव्ह टाकलं.

टोकाची टपालवाली ओरडली, "किसणी पाठवा इकडे, का परवाना लागतो?"

किसणी निघाली. तिच्यामागे पाव, मग सॉसचा वाडगा, मग कुणाचं तरी तान्हं बाळ. हात, बाह्या, ताटल्या रेघांवरून घासत राहिल्या. एक जोडपं दारात घुटमळत होतं. आजोबांनी सरकून त्यांना मध्येच बसवलं.

सुतार आला तेव्हा एकही रेघ उरली नव्हती.

"वहिनी, कापायचं कुठे?"

सून त्या जोडप्याकडे बघत होती. दोघे टपालवालीचं बोलणं ऐकून हसत होते आणि पुन्हा पास्ता मागत होते.

"दादा, करवत बाहेर ठेवा," ती म्हणाली. "आणि बसा. एक जागा आहे."

सुतार बसला. माझ्यावरून हात फिरवून म्हणाला, "लाकूड चांगलं आहे." ते मला ठाऊक होतं.

आज मी अखंड आहे. सॉसचे डाग आहेत. कडेला काट्याने कोरलेली नावं आहेत, ती मला पसंत नाहीत. या कधीतरी. एकटे आलात तरी चालेल. फक्त शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवू नका. ती कुणाची तरी जागा असते.